उजव्या दाराचं हँडल

इतवारीच्या त्या गल्लीत हातगाड्यांपुढं चारचाकीचं काही चालत नाही. म्हणून जितेंद्रनं आपली गाडी चौकातच सोडली आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून तो वाट काढत जागेश्वरच्या दुकानापर्यंत आला. दुकान क्रोम पॉलिशचं. जुने नळ, बुलेटचे सायलेन्सर, लग्नातल्या बँडची वाद्यं, जे काळवंडलं ते जागेश्वरकडे येई आणि आरशासारखं होऊन परत जाई.

"काका, तुमचं नाव मला तीन जणांनी सांगितलं," जितेंद्र म्हणाला. "एमजीची स्पोर्ट्स कार आहे, त्रेसष्टची. बाबांची होती. इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. दारांची हँडलं तेवढी राहिलीत."

त्यानं टॉवेल उलगडला. जागेश्वरनं चष्मा लावला. डाव्या दाराचं हँडल नुसतं निस्तेज झालं होतं. उजव्याच्या अंगावर मात्र फोड आले होते आणि क्रोमचे पापुद्रे सुटले होते. त्यानं ते तळहातावर तोलून पाहिलं. डाव्यापेक्षा जड लागलं.

"याच्यात आधी कोणीतरी शिसं भरलं आहे."

"तीच तर गंमत आहे," जितेंद्र हसला. "मी लहान होतो तेव्हा बाबांनी ही इथंच कुठंतरी इतवारीत दिली होती. रुपराव नावाचा कोणी कारागीर होता. तेजाबात टाकून विसरला. अर्धं हँडल खाऊन टाकलं ना तेजाबानं! बाबा इतके चिडले, की आमच्या घरात तो शब्दच होऊन बसला. दूध उतू गेलं, रुपराव झाला. गणितात नापास, रुपराव झाला. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तीही म्हणते. तेव्हा काका, एवढं बघा, परत रुपराव करू नका."

जागेश्वर हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, ही चाळीस वर्षांची सवय. पण हसू ओठांवर असतानाच त्याचे कान तापले होते.

त्या वेळी हे दुकान उस्तादांचं होतं. जागेश्वर बावीस वर्षांचा, तांडापेठेतल्या कोष्ट्याचा पोरगा. घरचे माग एकेक करून बंद पडले म्हणून या कामाला लागलेला. रुपराव त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा आणि हातानं कितीतरी सरस. उस्ताद कोणाची स्तुती करत नसत, पण नाजूक माल आला की आधी रुपरावकडे सरकवत.

हँडलं आली त्या दिवशी त्यांनी दोघांना एकेक दिलं आणि बजावलं, की हे पितळ नाही, जस्ताचा ओतीव माल आहे. तेजाबात दहा आकडे मोजायचे आणि वर काढायचं. दोघांनी आपापलं हँडल तांब्याच्या बारीक तारेनं बांधून हौदात सोडलं. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, की हँडलं पाठवणाऱ्या शेटची लाल गाडी चौकात उभी आहे, वरून उघडी, दोनच माणसांची. अशी गाडी दोघांनीही जन्मात पाहिली नव्हती. दोघेही पळाले. पळण्याआधी आपण हँडल काढून पाण्याच्या बादलीत टाकलं की नाही, हे रुपरावला नंतर सांगता आलं नाही. परत आले तेव्हा एक हँडल बादलीत होतं, दुसरं उस्तादांच्या चिमट्यात. त्याच्यातून फेस येत होता. दोन्ही तारा कापून उस्तादांनी गटारात फेकल्या होत्या.

"किसका है?" उस्तादांनी विचारलं.

जागेश्वर बोलला नाही. त्याला आकडे मोजल्याचं आठवत नव्हतं. रुपराव थोडा वेळ हँडलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मेरा होगा, उस्ताद."

होगा म्हणाला, है म्हणाला नाही. संध्याकाळी शेट येऊन गेले आणि रुपरावचं काम सुटलं. शेटच्या गाडीची वाट लावणारा म्हणून इतवारीत दुसऱ्या कोणी त्याला दुकानात घेतलं नाही. तो कळमन्याच्या बाजारात पोती उचलायला गेला तो तिथलाच झाला. पुढं उस्ताद थकले आणि दुकान जागेश्वरकडे आलं. त्या 'होगा'वर जागेश्वरनं चाळीस वर्षं काढली. तोच तर म्हणाला, त्याचंच असेल. आपण कुठं खोटं बोललो?

जितेंद्र गेल्यावर चौथ्या दिवशी त्यानं हँडलाचा क्रोम उतरवला, निकेल उतरवलं आणि बत्तीच्या धगीवर आतलं शिसं पाझरून टाकलं. खालचा धातू वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारखा दिसत होता. कापडानं पुसताना हँडलाच्या मानेपाशी बोटाला काहीतरी लागलं. त्यानं भिंग घेतलं. मानेभोवती एक बारीक उंच रेघ होती. तिथं तार आवळलेली होती, म्हणून तेवढ्या जागी तेजाब पोचलं नव्हतं. आणि रेघ जिथं संपत होती तिथं दोन फास एकमेकांत अडकलेले, चपटे, तांदळाच्या दाण्याएवढे.

या धंद्यात सगळे तारेला पिळा देतात. रुपरावही द्यायचा. जागेश्वर एकटाच तारेला गाठ मारायचा, मागावर तुटलेला धागा त्याची आई सांधायची तशी. लहानपणापासून बोटांना तेच वळण होतं. उस्ताद चेष्टा करायचे, "अबे, ये तार है, तेरी माँ की साडी नहीं."

उस्तादांनी शिसं भरताना ती गाठ पाहिली असणारच. पण तोवर रुपराव गेला होता आणि दुकानाला एक तरी पोरगा हवाच होता.

दोन दिवस ते हँडल तसंच उघडं पडून राहिलं. कथील वितळवून खड्डे भरायचे, वर तांबं, निकेल, क्रोम. एकदा गाठ बुजली की जगात कोणाला दिसणार नव्हती. जागेश्वरनं दोनदा कथील तापवलं आणि दोनदा बत्ती विझवली. गुरुवारी त्यानं हँडल फडक्यात बांधलं आणि तो कळमन्याच्या बसमध्ये बसला.

रुपरावचं घर बाजाराच्या मागच्या बाजूला. संत्र्यांची आवक चालू होती आणि सडक्या फळांचा वास थेट घरापर्यंत येत होता.

"अबे जाग्या!" रुपराव खाटेवरून उठला. पाठ वाकलेली, पण आवाज तोच. "शेटलोक इकडं कसे बा?"

"कायचा शेट बे."

"बसा भाऊजी," यमुताई आतून म्हणाली. ती रुपरावची बायको. "पंख्याखाली नका बसू, तो दोन महिन्यांपासून बंद आहे. यायले म्हटलं, वायरच निघाली असन, पाहा जरा. तं हात लावत नाहीत."

"मी हात लावला तं घर जळन वं."

"ऐका! एक खिळा ठोकला नाही या माणसानं घरात. बल्ब बदलाले शेजारचा येते. जवानीत म्हणे कारागीर होते."

रुपराव हसला. हे बोलणं आणि हे हसणं त्या घरात रोजचं असावं, इतकं ते सराईत होतं. जागेश्वरला मात्र त्या हसण्याकडे पाहवेना. त्यानं फडकं सोडलं.

पोती उचलून जाड झालेला अंगठा रुपरावनं खाल्लेल्या धातूवरून फिरवला. मानेपाशी अंगठा थांबला. त्यानं हँडल दारातल्या उजेडात नेलं आणि डोळ्यांजवळ धरलं.

"तुही गाठ आहे."

"हो."

"तुले कवा समजलं?"

"सोमवारी." मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही जागेश्वर बोलून गेला. "पण वाटत होतं. पहिल्यापासूनच."

यमुताई चहा घेऊन दारात उभी होती. "म्हणजे यायनं नव्हतं केलं?" तिनं विचारलं. मग तिनं जागेश्वरचा कप त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवला. "चाळीस वर्षं मी या माणसाले टोचून राहिली. चाळीस वर्षं, भाऊजी."

"मी मोजत होतो गा," रुपराव म्हणाला. "पोतं पाठीवर घेतलं का मोजत होतो. एक, दोन, तीन. त्या दिवशी दहा मोजले का नाही मोजले? हँडल काढलं का नाही काढलं? कधी वाटे काढलं. मंग वाटे, काढलं असतं तं असं काहून झालं असतं?"

"माफ कर, रुपराव."

"माफीचं राहू दे. त्या घरचे लोक काय म्हणतात?"

हे झाकून ठेवता आलं असतं. पण एक गोष्ट बाहेर पडल्यावर दुसरी आवरेना, आणि जितेंद्रच्या घरी दूध उतू गेलं की काय म्हणतात, ते जागेश्वरनं सांगून टाकलं. यमुताईनं पदर तोंडाला लावला. रुपरावनं मात्र शांतपणे विचारलं, "लहान पोट्टे बी म्हणतात?"

"हो."

"तू तिथं कवा जातं?"

"रविवारी. हँडलं बसवाले."

"मी येतो संग. जे मले सांगतलं ते माह्या समोर त्यायले सांग. बाकी मले तुह्याकडून काही नको."

जागेश्वरनं कबूल केलं. उरलेले दिवस त्यानं दुसरं काम हाती घेतलं नाही. एकेक खड्डा कोरून भरला, घासला, तांब्याचा थर चढवला, पुन्हा घासला. निकेल चढवताना तर तो हौदापाशी स्टूल टाकून बसून राहिला. हँडल असं झालं, की डावं कोणतं आणि उजवं कोणतं ते आकार पाहूनच ओळखावं लागे. आयुष्यात इतकं चांगलं काम आपण केलं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

रविवारी सकाळी दोघे रामदासपेठेत पोचले. रुपरावनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बंगल्याच्या आवारात लाल गाडी उभी होती. तो फाटकाच्या आतच, हात मागं बांधून थांबला. जागेश्वरनं दोन्ही हँडलं बसवली. जितेंद्रनं उजवं दार उघडलं, लावलं, परत उघडलं.

"काका, कमाल! कमाल केली तुम्ही!" तो गाडीभोवती फिरू लागला. "आता बंपर तुमच्याकडेच. जाळी, दिवे, सगळं तुमच्याकडे. क्लबात प्रत्येकाला तुमचं नाव सांगतो. भूमिका, ये, बघ!"

त्याची मुलगी पायऱ्या उतरत आली, हँडलात स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "वा बाबा, रुपराव नाही झाला!"

बापलेक खळखळून हसले. फाटकापाशी उभा असलेला माणूस हलला नाही.

"हे कोण, काका?" जितेंद्रनं विचारलं.

"हा रुपराव," जागेश्वर म्हणाला.

भूमिकेनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ते खरंच आहेत?" ती बोटांआडून कुजबुजली. जितेंद्रचा चेहरा उतरला. "अरे... या ना, बसा ना. चहा सांगतो."

जागेश्वरनं बसमध्ये एकच वाक्य घोकलं होतं. ते हँडल माझ्या हातून खराब झालं. सहा शब्द. त्यानं घसा साफ केला. समोर गाडी होती, तिचे काळवंडलेले बंपर होते, आणि नुकताच 'कमाल' म्हणालेला माणूस होता.

"साहेब, एक सांगायचं होतं. तेव्हाचं जे झालं ना... त्यात याची एकट्याची चूक नव्हती. आम्ही दोघंही होतो तिथं."

"म्हणजे दोघांनी मिळून!" जितेंद्र सुटल्यासारखा हसला. "सोडा हो काका. किती वर्षं झाली. बाबाही राहिले नाहीत आता."

रुपराव जागेश्वरकडे पाहत होता. उरलेलं वाक्य यायचं आहे, अशा नजरेनं पाहत होता. जागेश्वरनं फडकं काढलं आणि डाग नव्हता तिथं हँडल पुसायला लागला. चहा आला. रुपरावनं उभ्यानंच तो सावकाश प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत वाट पाहिली आणि कप पायरीवर ठेवला.

"मग बाबा, आता आपण तसं म्हणायचं नाही का?" भूमिकेनं विचारलं.

"नाही म्हणायचं, बेटा," जितेंद्र म्हणाला, पाहुण्यांसमोर मुलांना सांगतात त्या आवाजात.

दोघे स्टॉपपर्यंत चालत आले. मग रुपराव म्हणाला, "एकट्याची नव्हती म्हणे."

"सांगतलं ना मी. तुही एकट्याची नव्हती म्हणून."

"सांगतलं. पहिले पूरी माही होती, आता अर्धी राहिली."

"मी परत जातो गा. आत्ताच्या आत्ता जातो, सरळ सांगतो."

"जा मंग."

जागेश्वरनं मागं वळून पाहिलं. बंगल्याचं फाटक तिथून दिसत होतं, पन्नास पावलंही नव्हती. तो पाहत उभा राहिला. "उद्या बंपर आणाले माणूस येणार आहे त्याचा," तो म्हणाला. "तवा फोन करून..."

कळमन्याची बस आली. दारात गर्दी होती, रुपरावनं एका हातानं दांडा धरला.

"मी येतो घरी," जागेश्वर म्हणाला. "वैनीले सांग, मी येऊन..."

"येऊ नको," रुपराव पायरीवरून म्हणाला. "तिले मी सांगीन, जाग्यानं सगळ्यायसमोर सगळं कबूल केलं. तू मधात येऊन मले खोटं पाडू नको."