कंसातलं नाव

डॉ. सूर्यभान गिराम सरांनी लाल पेनाने एका ओवीभोवती रेघ ओढली आणि कागद शालूपुढे सरकवला.

“तुझा लघुप्रबंध तपासला, चौतीस टक्के साम्य दाखवतंय. आणि ही ओवी तर माझ्या पुस्तकातली आहे.”

शालूने पाहिलं.

पिवळ्या माळावरी निजला गं मल्हार
हळू हाका मेंढरं, त्याची झोप हलकी फार

“सर, ही माझ्या आईची ओवी आहे.”

सर हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त छापलेलं तेवढंच खरं मानणारा होता.

“माझं पुस्तक दोन हजार सहाचं. तुझ्या आईनं त्यातूनच वाचली असेल.”

“तिला वाचता येत नाही, सर.”

“मग कुणी वाचून दाखवली असेल. अवतरण चिन्हांत घाल, पुढं कंस कर. ज्याचं लेखन, त्याचं नाव कंसात. एवढं केलं की सोमवारी सही देतो.”

सही मिळाली नाही तर लघुप्रबंध जाणार नव्हता, आणि शालूच्या वडिलांनी, भुजंगरावांनी, एम. ए.साठी एवढंच वर्ष दिलं होतं. त्यापुढे तिला बघायला येणारे पाहुणे ठरलेले होते. तिने ग्रंथालयातून सरांचं पुस्तक काढलं आणि आपल्या गावाची, झरीची बस धरली.

तिची आई, केवळाबाई, अंगणात चातीवर लोकर कातत होती. शालूने सत्तेचाळिसावं पान उघडलं. ओवीखाली बारीक अक्षरात ‘गायिका : एक धनगर स्त्री’ एवढंच होतं.

“आई, तू ही कुणाला सांगितली होतीस?”

“आलता एक मास्तर फटफटीवर. तू पाळण्यात व्हतीस. लय गोड बोलला. दोनदा चहा पेला. काय लिव्हलंय त्यानं?”

शालूने वाचून दाखवलं. “पिवळा माळ म्हणजे भंडाऱ्याने माखलेला जेजुरीचा गड. निजलेला मल्हार म्हणजे समाधिस्थ कुलदैवत.”

चाती थांबली.

“देव कशाला निजंल माळावर?”

शालूने स्वतःच्या प्रबंधातही देवच लिहिला होता, आणि तो कुणाचा वाचून नव्हे, आपल्याच अकलेने.

“मानवतकडं मेंढरं घेऊन गेलतो,” केवळाबाई म्हणाली. “गवत वाळून पिवळं पडलं व्हतं. दोन दिस ताप आला त्याला. तिथंच ठिवलं. दुसऱ्या दिशी मेंढरं त्याच्यावरूनच जायलाली, म्या म्हनलं, हळू हाका.”

आपल्याआधी एक मूल गेलं, एवढं शालूला माहीत होतं. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. ते फक्त ओवीत येई, आणि तिथेही तिने ते देवाचं समजून अंगावरून जाऊ दिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी तिने स्वतःचं विवेचन खोडलं, कंसात ‘केवळाबाई, मुलाखत’ लिहिलं आणि पान सरांना पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं : भावना समजतात, पण छापील संदर्भ असताना मुलाखत चालत नाही. सोमवारी भेट.

तिने फोन उपडा ठेवला. मग उठून कंस दुरुस्त केला.

मंगळवारी ती बांधलेली प्रत घेऊन घरी आली. सरांची सही पहिल्याच पानावर होती. भुजंगरावांनी प्रत हातात तोलून पाहिली, “बरं झालं” म्हणाले आणि मेंढरांच्या वाड्याकडे, ती चरायला सोडायला गेले. केवळाबाईने पदराला हात पुसले.

“कुठं हाय त्यो?”

शालूने आईचं बोट धरून ‘मल्हार’वर ठेवलं. केवळाबाई ती तीन अक्षरं हळूहळू चाचपत राहिली. मग बोट ओळीच्या टोकाकडे सरकलं आणि कंसावर थांबलं. तिथे ‘गिराम, २००६, पृ. ४७’ असं होतं.

“आन हे काय गं?”

“ज्याची ओवी, त्याचं नाव लिहितात तिथं.”

शालूची नजर पानावरून वर आली नाही.

“माझं कशापायी घातलंस,” केवळाबाई ओशाळून म्हणाली, पण बोट काही तिने उचललं नाही.