पाटीवरचं कापड

पितांबर पाटलांना कुठल्याही कामाची घाई असायची. केळीचा घड भरायच्या आतच त्यांचा व्यापाऱ्याला फोन गेलेला असे. तेव्हा लेकीची शेवटची परीक्षा बाकी असताना त्यांनी तिच्या नावाची पाटी रंगवून घेतली, याचं कळसाडीत कुणालाच नवल वाटलं नाही. वाटलं ते फक्त लेकीला, मयूरीला, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

पाटी घराच्या रस्त्याकडच्या खोलीवर लागली. हिरव्या रंगावर पांढरी ठळक अक्षरं होती. मयूरी पाटील, एम.एस्सी., नोंदणीकृत आहारतज्ज्ञ. एम.एस्सी. खरं होतं. सुरतेच्या मोठ्या इस्पितळातली सहा महिन्यांची उमेदवारीही खरी होती. तिथे तिनं किडनीच्या पेशंटांची ताटं ठरवली होती, आणि डॉक्टरांची बोलणीही खाल्ली होती. पण 'नोंदणीकृत' म्हणवून घ्यायला अजून एक परीक्षा द्यायची होती. ती पास झाल्यावर नोंदणी होणार, मग नंबर मिळणार. परीक्षा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर होती.

"आबा, तो शब्द पुसी टाका," ती म्हणाली. "परीक्षा बाकी शे."

"पास तं तू व्हशीच. आखाजीना मुहूर्त काय परत येस?"

"अनि नापास व्हयनू तं?"

पितांबर पाटलांनी हे ऐकलंच नाही. त्यांना न ऐकण्याची कला चांगली साधली होती. आखाजीला पाटी उघडायची म्हणून सगळ्या भाऊबंदांना आमंत्रणं गेली. "मन्ही पोर डाक्टर व्हयनी, खावापिवानी डाक्टर," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. मयूरीनं मनाशी म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. चारचौघांत बापाचा मान कशाला घालवायचा? ती गप्प बसली.

आखाजीला अक्कलकुव्याहून सरलाबाई आल्या. सरलाबाई म्हणजे पितांबर पाटलांची थोरली बहीण, मयूरीची फुई. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, खापराची पुरणपोळी आणि आमरस हाणतात. सरलाबाईंनी साठी ओलांडली तरी एक आखाजी चुकवली नव्हती. शिवाय या घरात शुभकार्याला पहिला हात फुईचा. पाटीवर लाल कापड बांधलं होतं, ते ओढायचा मान त्यांचाच होता.

दुपारी पंगतीत मयूरी वाढत होती. फुईनं आमरसाची दुसरी वाटी पुढे केली तेव्हा ती थबकली. फुईला कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार होता.

"फुई, जेवाना पह्यले गोळी लिनी का?"

"गोळ्या मी अक्कलकुवालेच ठेवी उनू," फुई मोठ्या समाधानानं म्हणाल्या. "आते कसाले लागस? घरनी डाक्टर शे. तू सांगशी तेच खासू."

मयूरीनं वाढपाचं पातेलं खाली ठेवलं, आतून साखर मोजायचं यंत्र आणलं आणि फुईच्या बोटाला टोचलं. साखर चांगलीच चढली होती. तिनं फुईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेली गोळी आणायला चुलतभाऊ मोटरसायकलवरून शहाद्याला गेला. तोवर बाहेर मंडळी जमली होती. पितांबर पाटील नारळ घेऊन उभे होते. फुईंना काहीच होत नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्या उठून थेट पाटीखाली गेल्या आणि त्यांनी कापडाचं टोक धरलं.

मयूरी मागोमाग धावली. गप्प बसून आपण काय करून ठेवलंय, हे तिला त्या टोकाकडे बघताना नीट कळलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"फुई, ते वढू नको."

"कसाले?"

"पाटीवर लिखेल शे ते खोटं शे. मी अजून नोंदणीकृत नई शे, परीक्षा बाकी शे. अनि व्हयनू तरी गोळी बंद करानं मन्हं काम नई. ते डाक्टरनं."

पितांबर पाटलांच्या हातातला नारळ तसाच राहिला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सगळ्या भाऊबंदांसमोर लेकीनं त्यांना खोटं पाडलं होतं.

फुईनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. मग टोक सोडलं.

"मंग हाई कापड आज राहू दे. पास व्हय, मंग माले बलाव. मीच वढसू." आणि त्या घरात जाऊन गोळीची वाट बघत बसल्या.

त्यानंतर पितांबर पाटील लेकीशी बोलेनासे झाले. जेवायला बसले की ताटाकडे बघत जेवायचे. मयूरीला ते फार लागलं. पण खोलीत बसून ती अभ्यास करत राहिली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. दारावर लाल कापड उन्हानं विटत चाललं होतं. येणारे जाणारे त्याकडे बघून हसायचे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेजारचा ललित आला. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि नवरदेवाचं पोट कमी व्हायला हवं होतं. पितांबर पाटील ओट्यावर बसले होते. ललितनं गमतीनं कापडाचा कोपरा वर केला.

"ते सोड," पितांबर पाटील म्हणाले. "तिनी परीक्षा बाकी शे. नोंदणीमा नाव चढू दे, मंग ये. तोवर डाक्टरले दखाड."

"काका, तुम्हीच तं सांगेत ना, पोर डाक्टर व्हयनी म्हनी?"

पितांबर पाटील उठले आणि त्यांनी स्टूल पाटीखाली ओढलं.

"मी सांगं," ते म्हणाले. "तिनी नई सांगं."

आत मयूरी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून तशीच बसली. तिला आपल्या बापाचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं. बाहेर पितांबर पाटील स्टुलावर चढले आणि त्यांनी कापडाची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.