तळहाताची परीक्षा

मालकांची सायकल तपासायची पद्धत सोपी होती. नवा नमुना त्यांच्या केबिनमध्ये गालिच्यावर उभा करायचा. मालक खुर्चीतून उठायचे, उजवा तळहात सीटवर ठेवायचे आणि दाबायचे. मागचा भाग अलगद खाली बसून वर आला की म्हणायचे, "वा." नाही बसला की म्हणायचे, "बघा जरा." मग खालच्या मजल्यावर बारा माणसं दोन महिने बघत बसायची. मालक स्वतः सायकल चालवत नसत. पाळणे विकणाऱ्यानं पाळण्यात झोपलंच पाहिजे असं थोडंच आहे?

बिजागरीला या तळहाताचा सतरा वर्षांचा अनुभव होता. बिजागरी हे त्या माणसाला कारखान्यानं ठेवलेलं नाव. डोंगरात चालवायच्या सायकलीचं मागचं चाक फ्रेमला घट्ट बसवलेलं नसतं. ते तीन-चार दुव्यांवर हलतं आणि बसलेला धक्का शेवटी शॉकमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या दट्ट्यात, जिरतो. दुवे किती लांबीचे आणि त्यांचे सांधे कुठे, हे ठरवायचं काम त्याचं. जग दारं उघडून आत-बाहेर करत होतं आणि हा माणूस सतरा वर्षं बिजागऱ्यांकडे बघत होता, तेव्हा नाव योग्यच होतं.

नव्या सायकलीसाठी त्यानं तीन वर्षं घालवली होती. चढावर पायडल मारताना मागचं बूड खाली बसायचं नाही, आणि खड्ड्यात चाक उचललं गेलं की साखळीनं पायाला हिसका द्यायचा नाही. या दोन गोष्टींचं आपसात कधीच पटत नाही. मुख्य सांधा वर नेला की एक रुसते, खाली आणला की दुसरी. त्यानं दोघींना एका घरात नांदवलं होतं. शिवाय धक्का लागला की चाक आधी मेहुण्यासारखं ऐकायचं आणि शेवटी सासऱ्यासारखं अडून बसायचं. मोठ्या उडीनंतर माणूस वाचतो तो या सासऱ्यामुळे.

मालकांनी दाबून पाहिलं. "वा," म्हणाले. मग म्हणाले, "पाण्याची बाटली कुठे लावायची?"

"लहान बाटली बसेल, साहेब."

"लोकांना तहान मोठी लागते. हा वरचा सांधा थोडा पुढे घ्या, मोठीला जागा होईल. किती, बोटभर?"

बोटभर म्हणजे अकरा मिलिमीटर. त्यानं हिशोब करून आलेख काढून दाखवला. सांधा पुढे गेला की सुरुवात आणखी मऊ होईल, पण चाक वर येण्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात दुवा उलटा कलेल. नेमकी जिथे सायकलनं अडून बसायचं, तिथे ती माघार घेईल. मालकांनी आलेख नीट पाहिला, आडवा धरून, आणि बोटभर सरकवलेला नमुना करून आणायला सांगितला. नमुना आला. त्यांनी तळहातानं दाबला. तो आधीच्यापेक्षा गोड बसला.

"बघा! तुम्ही उगाच घाबरवता."

तळहाताच्या दाबानं सायकल पहिल्या एक-तृतीयांशापलीकडे बसतच नाही, हे बिजागरीनं सांगितलं नाही. मालकांच्या तळहाताबद्दल बोलायची कारखान्यात पद्धत नव्हती.

तरी त्यानं एक मागून घेतलं. दोन्ही नमुने डोंगरावर दोन दिवस चालवून बघायचे, आणि मगच आराखड्यावर सही. चालवणार होती त्याची भाची. कारखान्यात तिला त्यानंच चिकटवलं होतं, आणि अख्ख्या इमारतीत खरं बोलायचा पगार मिळणारी ती एकटीच होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती चिखलाच्या बुटांसकट टेबलावर चढून बसली.

"तुझी भारी आहे, मामा. पण त्यांचीही वाईट नाही. शेवटच्या उडीला किंचित ठोकते."

"किंचित?"

"किंचित म्हणजे किंचित. तुझं मन राखायला काय 'धडाम' लिहू?"

तिनं अहवालात 'किंचित'च लिहिलं. मालकांनी खाली शेरा मारला: 'फारसा फरक नाही.'

बिजागरीला रात्रभर झोप आली नाही असं नाही, चांगली आली. सकाळी दाढी करताना त्याला उलगडलं. चाचणीच्या वाटेवरची सगळ्यात मोठी उडी कमरेएवढी होती. गिऱ्हाइकं छातीएवढ्या उड्या मारणार. खोट होतीच, फक्त या वाटेवर ती दिसण्याइतकी जवळ येत नव्हती. मग ती थोडी जवळ आणली तर? त्यात खोटं काय? दुर्बीण लावली म्हणून चंद्र खोटा होत नाही. शॉकमध्ये भाचीच्या वजनाला एकशेऐंशी पाउंड हवा लागायची. दुसऱ्या दिवशी त्यानं मालकांच्या नमुन्यात एकशेसाठ भरली. स्वतःच्या नमुन्यात पूर्ण भरली. एकशेसाठवरही आपला नमुना ती उडी झेलतो, हे त्यानं महिन्यापूर्वीच पाहिलं होतं, तेव्हा तो प्रश्नच नव्हता.

"हवा बघून घेऊ का रे?" भाचीनं हेल्मेटचा पट्टा लावत विचारलं.

"भरलीय मी."

"मग झालं," म्हणून ती निघाली.

शेवटच्या उडीवर मालकांची सायकल खाली आली ती थेट तळाला आपटली आणि मागच्या चाकानं भाचीला पुढच्या चाकावरून फेकून दिलं. आवाज खालपर्यंत आला. खांद्याचं हाड मोडलं, तीन ठिकाणी.

चौकशी केबिनमध्येच झाली. मिस्त्री पंप घेऊन आला होता. मिस्त्री प्रामाणिक माणूस. प्रामाणिक माणसं नेमकी अशाच वेळी कामाला येतात.

"साहेब, हवा एकशेसाठ निघाली. वीस कमी."

"कोणी भरली होती?"

"मी," बिजागरी म्हणाला.

मालकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "चुकून?"

एवढासा शब्द, पण मालकांनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं. मुद्दाम म्हणावं तर नोकरी जाते, पोलीससुद्धा येतात, आणि मुद्दाम पाडलेली सायकल निर्दोष ठरते. चुकून म्हणावं तरी सायकल निर्दोषच ठरते. फरक एवढाच, की दुसऱ्यात त्याला उद्या कामावर येता येणार होतं.

"चुकून," तो म्हणाला.

"माणूस आहे, चुकतो," मालक मोठ्या मनानं म्हणाले. "पण एका परीनं बरंच झालं. डिझाइनवरचा डाग गेला." आणि आराखडा पुढे सरकवला.

पूर्ण हवेवरही ती आपटेल, फक्त थोड्या मोठ्या उडीवर, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. मालक वाट बघत होते, मिस्त्रीही बघत होता. पण हवेत वीस पाउंड चुकणाऱ्या माणसाचा अकरा मिलिमीटरचा हिशोब कोण ऐकणार? त्यानं सही केली. माहितीपत्रकात बाटलीच्या फोटोखाली त्याचं नावही आलं, पहिल्यांदाच.

महिन्याभरानं तो बहिणीकडे गेला. दारातच पहिल्या खेपेतली सायकल उभी होती, हँडलला फीत बांधलेली. मालकांनी पाठवली होती, भेट म्हणून.

"तूच भरलीस म्हणून तिनं हवा बघितलीही नाही म्हणे," बहीण पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाली. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली.

भाची सोफ्यावर होती, हात गळ्यात बांधलेला. "डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत चालवता येईल. शर्यतीला हीच नेते."

"ही नको नेऊस."

"का? हवा स्वतः बघीन आता." हसली.

त्यानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी कमी भरली होती. मुद्दाम."

तिचं हसू लगेच गेलं नाही. विसरल्यासारखं काही वेळ तिथेच राहिलं. "माझ्या सायकलीत?"

"खोट दिसावी म्हणून. तुला लागेल असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे सायकल चांगली होती."

"नाही गं, वाईटच आहे. हवा पूर्ण भरलीस तरी मोठ्या उडीला आपटणार. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात दुवा..."

"मामा," ती म्हणाली. "आता हे तू सांगतोयस?"

ती सोफ्यावरून सावकाश उठली, दाराशी गेली आणि चांगल्या हाताचा तळवा सीटवर ठेवून दाबला. मागचा भाग अलगद खाली बसला आणि वर आला.

"छान दबते," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता.