नेत्रतळ नॉर्मल
तिला सगळे एक्स्प्रेस म्हणत. वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला होती, आणि ओपीडीत तिच्याइतक्या झटपट केसपेपर कुणी भरत नसे. बाकीच्यांचा एक होईपर्यंत हिचे तीन हातावेगळे. आता नुसत्या वेगानं माणूस शहाणा होत असता तर काय हवं होतं.

डोकेदुखीच्या कागदावर शेवटची ओळ असते: नेत्रतळ. म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा. तो एका छोट्या दुर्बिणीतून बघायचा, पण ती दुर्बीण कुणालाच धड जमत नसे. म्हणून वरच्या वर्षाची मुलं न बघता 'नॉर्मल' लिहायची, खालची तेच उतरवायची, आणि मेंढरामागून मेंढरू असं वर्षानुवर्षं चाललं होतं. दुर्बीण कपाटात. तिची बॅटरी कधीची संपलेली.

त्या सकाळी घड्याळं दुरुस्त करणारी बाई परत आली. तिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. आठ महिने डोकं दुखत होतं. तीन आठवड्यांपूर्वी एक्स्प्रेसनंच तिला तपासलं होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसते म्हटल्यावर दुखणारच. डोळ्यांवर ताण, द्या गोळ्या, पुढचा पेशंट.

"गोळ्यांनी काही फरक नाही, डॉक्टर," बाई म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या जास्त ठणकतं. आणि आता हे नवंच. वाकून उठले की दोन सेकंद सगळं काळं होतं. परवा एवढासा स्क्रू हातातून सुटला तो गेलाच. माझं पोट या डोळ्यांवर चालतं हो."

पलीकडे बसलेल्या सरांनी पेन खाली ठेवलं. "नेत्रतळ कुणी बघितला होता?"

"मी. नॉर्मल आहे, सर." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मग आज पुन्हा बघ. मी इथेच बसतो."

एक्स्प्रेसची पाचावर धारण बसली. पडदे ओढले, नवी बॅटरी घातली, बाईला समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायला सांगितलं.

"ते चार मिनिटं मागे आहे," बाई म्हणाली.

एक्स्प्रेस वाकली. लालसर धुकं, त्यात स्वतःच्याच पापण्या. घट्ट मिटलेल्या दुसऱ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. पाच मिनिटं गेली.

"डॉक्टर, रागावू नका," बाई हळूच म्हणाली, "पण दुसरा डोळा मिटू नका. भिंगाच्या कामात नवीन माणूस हीच चूक करतो. दोन्ही उघडे ठेवा. आणि शोधू नका. एक रेघ सापडली की तिच्या मागे मागे चला."

तिनं दुसरा डोळा उघडला. धुकं थोडं निवळलं आणि एक बारीक लाल रेघ आली, रक्तवाहिनीची. ती तिच्या मागे निघाली. रेघेला दुसरी मिळाली, मग तिसरी, ओढे नदीला मिळावेत तशा. भोवती केशरी उजेड पसरलेला. संबंध शरीरात मेंदूची नस नुसत्या नजरेला दिसते ती फक्त इथे, हे तिनं चार परीक्षांत लिहून मार्क मिळवले होते. आज ती नस अगदी जवळ आली होती, जिवंत माणसाची, आणि ते माणूस शांतपणे श्वास घेत भिंतीकडे बघत होतं. एक्स्प्रेसच्या अंगावर काटा आला. रोज ती शेकडो डोळ्यांसमोर बसत होती आणि एकदाही आत डोकावली नव्हती.

मग तिला ती नस जिथून आत शिरते ती चकती दिसली. नाण्यासारख्या रेखीव कडा असतात म्हणे. इथे कडाच नव्हत्या. चकती फुगून वर आली होती, रेघा तिच्या कुशीत बुडत होत्या.

"सर," ती म्हणाली, "कडा दिसत नाहीत. सूज आहे." तिनं दुर्बीण खाली घेतली. "आणि मागच्या वेळी मी बघितलंच नव्हतं. न बघता लिहिलं."

बाईनं मान वळवली नाही. सर उठले, स्वतः बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बाईच्या समोर बसले आणि समजावून सांगितलं: मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलाय, दृष्टीची नस त्यात दाबली जातेय, थांबून चालणार नाही. त्याच दिवशी स्कॅन झाला. गाठ नव्हती. पाठीत सुई घालून दाब मोजला, तो खूपच वाढलेला होता. पाणी कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वजन उतरवायला सांगितलं.

"मला बोला ना, सर," संध्याकाळी ती म्हणाली.

"त्या कागदावर तुझ्याखाली माझीही सही आहे," सर म्हणाले. "न बघता केलेली."

चार महिन्यांनी बाई आली ती अकरा किलो उतरवून. डोकं दुखायचं थांबलं होतं. "घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेलाय," म्हणून हसली. पण नजरेच्या तपासणीत उजव्या डोळ्याला सगळीकडचं दिसलं, डाव्याचा नाकाकडचा खालचा कोपरा दिसेनासा झालेला. तो आता परत येणार नव्हता.

"त्या तीन आठवड्यांत गेला असेल का?" एक्स्प्रेसनं सरांना विचारलं.

"असेल, नसेल. तेव्हा बघितलं असतं तर सांगता आलं असतं."

तिनं ते जसंच्या तसं बाईला सांगितलं. डाव्या डोळ्यासमोर बोट धरून बाईनं तो कोपरा चाचपून पाहिला. मग हनुवटी वर केली आणि भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली.

"बघा," ती म्हणाली. "सावकाश बघा."

एक्स्प्रेसनं दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि पहिली रेघ यायची वाट बघत राहिली. बाहेर रांग वाढत होती. वाढू दे.