सूनबाईची सही

"सात दिवस कोबा सुकू द्यायचा नाही, सूनबाई. तहानलं की सिमेंट आकसतं, आकसलं की फाटतं."

बावीस वर्षं झाली, तरी बादली उचलली की सासऱ्यांचा तो आवाज तिच्या कानात वाजे. सासरे नावाजलेले मिस्त्री. घरातल्या जमिनीचा सिमेंटचा कोबा त्यांनी स्वतः घातला आणि पाणी मारायचं काम नव्या सुनेवर टाकलं. पाचव्या दिवशी तिच्या माहेराहून निरोप आला : वडील जायला टेकलेत, पाणीसुद्धा पोरीच्याच हातचं मागताहेत.

"दोन दिवसांनी जा. कोबा अर्ध्यावर टाकू नये," मिस्त्री म्हणाले.

ती राहिली. गोणपाटावर पाणी ओतत राहिली. डोळ्यांतलंही त्यातच गेलं. माहेरी पोचली तेव्हा खाट रिकामी होती.

उन्हं तापली आणि कोबा उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत तडकला.

तेव्हापासून कुणी आलं की मिस्त्री फटीत नाणं उभं करीत. "ही आमच्या सूनबाईची सही! पाणी मारायचं सोडून हिचं चित्त माहेरी." सगळे हसत. ओल्या हवेत कोबा फुगे, फट मिटत येई, नाणं आत शिरेना. हवा कोरडी झाली की पुन्हा उघडे. पण एकदा आकसलेलं पुरतं भरून आलं नाही ते नाहीच.

एकदा मिस्त्री मजुरांवर ओरडले, "सिमेंटचा माल पातळ कालवला की सुकताना जास्त आकसतो, गाढवांनो!" तेव्हा तिला काहीतरी आठवलं. पण मिस्त्रींच्या नावावर घर चालत होतं. तिनं ओठ मिटले.

आता मिस्त्री अंथरुणाला खिळलेले. ती चमच्यानं पाणी पाजत होती. कामावरचा जुना जोडीदार भेटायला आला, तसं त्यांनी उशीखालचं नाणं काढून नातीच्या हातात ठेवलं.

"लाव गं फटीत. दाखव यांना आईची सही."

"अरे, पोरीला तरी सोड की," जोडीदार म्हणाला.

"का? रक्त तेच! हीसुद्धा सासरी असेच दिवे लावणार."

नात नाणं मुठीत धरून खाली बघत राहिली.

सुनेनं मिस्त्रींना घोट गिळू दिला. हनुवटी पुसली. चमचा वाटीत ठेवला.

"मामंजी, कोबा घातला त्या दिवशी तुमची कंबर धरली होती. घट्ट माल ओढवेना. 'मालात ओत अजून दोन बादल्या पाणी' म्हणालात, मी ओतल्या. तडा तिथंच पडला, हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. कोब्याला मी सातही दिवस पाणी पाजलं. तहानलेला गेला तो माझा बाप."