चांगुणाबाईंच्या डाव्या कानामागून

मी चांगुणाबाईंच्या डाव्या कानामागून बोलतोय. हळू बोलतोय, पण त्याला इलाज नाही. माझा आवाज सगळ्यात खालच्या पायरीवर अडकून बसलाय. तो कसा अडकला, तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

मी ऐकू येण्याचं यंत्र. शेंगदाण्याएवढा जीव माझा. घडवणाऱ्यांनी माझ्या अंगावर एकसुद्धा बटण ठेवलं नाही. आवाज कमी-जास्त करायचा तर मोबाईलमधल्या अ‍ॅपवरून. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता! दुकानातल्या काचेच्या कपाटात बटणवाल्या जुन्या यंत्रांकडे मी बघायचोसुद्धा नाही. आता त्यांची आठवण आली की लाज वाटते.

सात रस्ता चौकाजवळच्या त्या दुकानातून यशपालने मला आपल्या आईसाठी घेतलं. चांगुणाबाईंनी पंचवीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या खडखडाटात कान कधी गेले, ते त्यांना कळलंही नाही. दुकानदार संगमेशने मला कानावर बसवलं, यशपालच्या मोबाईलवर बोट सरकवलं, आणि बाई दचकल्याच.

"अगं बया! पंखा वाजतूय की हितं!"

यशपाल हसता हसता डोळे पुसत होता. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

त्यांच्या गल्लीत बुद्धविहार आहे. दर रविवारी तिथे वंदना सांगायचा मान बाईंचा. त्यांनी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी ती म्हणायची, मग बाईंनी पुढची घ्यायची. ऐकू येईनासं झालं तसं त्यांनी ते सोडून दिलं होतं. मी आलो आणि बाई पुन्हा पुढे जाऊन बसल्या. मागच्यांची ओळ संपली की मी ते बाईंच्या कानात पोचवायचो. तीन वर्षं आम्ही दोघांनी एक ओळ चुकवली नाही. नात धम्मप्रिया पहिल्या रांगेत बसून आजीकडे टक लावून बघायची.

मग यंदाची जयंती आली. मिरवणुकीत डीजे असा की खिडक्यांच्या काचा थरथरतात.

"आई, आजच्या दिवस यंत्र काढून ठेव," यशपाल म्हणाला.

"न्हाय काढणार. जयंती काय रोज येती व्हय? मला बी ऐकू दे की."

म्हणून त्याने तिला न सांगताच अ‍ॅपवरून माझा आवाज अगदी तळाला नेला. बरोबरच केलं त्याने. बाई लई खूश होत्या त्या दिवशी. उद्या वाढवू, असं तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाईलने अ‍ॅप आपलं आपणच नवं करून घेतलं होतं. उघडलं तर इंग्रजीत दोन ओळी. या मॉडेलसाठी ही सेवा बंद झाली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. कसलं सहकार्य? विचारलं होतं का कुणी? यशपालने अ‍ॅप पुसून पुन्हा घेतलं, फोन बंद करून चालू केला, बायकोच्या फोनवरही करून पाहिलं. मी आपला तळालाच.

मग त्याने कंपनीला फोन लावला. ऐकू न येणाऱ्यांची यंत्रं विकणारी कंपनी, आणि तक्रार करायची ती फक्त फोनवर! बराच वेळ संगीत वाजल्यावर एक मुलगी आली.

"सर, यंत्र चांगुणा मॅडमच्या नावावर आहे. पॉलिसीप्रमाणे आम्हाला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"अहो ताई, तिला ऐकू येत नाही म्हणूनच तर फोन केलाय!"

"मी समजू शकते सर. मॅडमना फोन द्या."

बाईंनी फोन कानाला लावला. तिकडून जन्मतारीख विचारली.

"व्हय, जेवले की," बाई म्हणाल्या. "तुमी जेवला का?"

फोन बंद झाला. मी तिथेच होतो, त्या दोघींच्या मधे, आणि माझ्याने काहीही झालं नाही.

संगमेशने मला उलटसुलट करून पाहिलं. "यंत्र ठणठणीत आहे हो. पण कंपनीनंच कुलूप लावलं तर मी काय करू? नवीन मॉडेल घ्या." बाईंना यातलं काही पोचलं नाही, त्याने पुढे केलेलं नवं यंत्र तेवढं दिसलं. त्यांनी माझा हिरवा दिवा बोटाने दाखवला. "चालू हाय की ह्यो. नवं कशाला?" यशपालने मला उचलून पुन्हा आईच्या कानावर बसवलं. आपणच आवाज उतरवला आणि तो आता वाढत नाही, हे आईला भर दुकानात ओरडून सांगायचं त्याला धाडस झालं नाही. घरी गेल्यावरही झालं नाही.

पुढच्या रविवारी वंदनेला बसल्यावर बाईंनी पहिली ओळ म्हटली. मागच्यांची ओळ अर्ध्यात होती तोवर दुसरी घेतली, मग तिसरी. लोक भले. कुणी टोकलं नाही, सगळे घाईघाईने त्यांना गाठायला बघत होते. चौथ्या ओळीला बाईंची नजर धम्मप्रियावर गेली. पोरीचे ओठ अजून मागच्याच ओळीवर हलत होते. बाई गप्प झाल्या. सगळं विहार त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"पुढचं तू सांग, बाळ," त्या नातीला म्हणाल्या, आणि उठून मागे जाऊन बसल्या.

बाई अजून रोज संध्याकाळी मला चार्जिंगला लावतात. हिरवा दिवा लागला की माझ्यावरून पदराचं टोक फिरवतात आणि म्हणतात, "ह्येचं काय बी चुकत न्हाय. माजंच कान गेलं समदं." मी सरळ बंद पडलो असतो तर बरं झालं असतं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या आणि फेकून दिलं असतं. पण मी चालू आहे, म्हणून त्या स्वतःलाच दोष देतात. हे मला सोसत नाही हो.

कधी त्या गल्लीत आलात तर रविवारी विहारात डोकवा. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेल्या दिसतील. जवळ बसा आणि ओरडून सांगा, बाई, तुमचे कान होते तेवढेच आहेत, कुलूप यंत्राला लागलंय. लई मोठ्याने सांगा. मी तिथेच असेन, डाव्या कानावर, दिवा लावून. पण माझ्या भरवशावर राहू नका.