केसभर उजेड

आम्ही पास झालो. तेजल तांबट आणि मी, दोघंही. आणि जोडी अशी बसली की वर्कशॉपला दार उरलं नाही. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजतो. अजून सकाळ आहे, अकरावी व्होकेशनलची सहामाही आहे आणि वर्कशॉपला दार आहे.

फिटिंगचं प्रॅक्टिकल दोघांत एक असतं. मी लोखंडी प्लेटमध्ये (आम्ही तिला जॉब म्हणतो) खाच करायची, तेजलने तिच्या प्लेटला जीभ काढायची, आणि ती जीभ माझ्या खाचेत बसवायची. मग वायदंडे सर जोडी खिडकीसमोर धरून एक डोळा मिटतात. फटीतून उजेड दिसला की दोघं नापास.

त्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. लोखंड घासायच्या शाळेच्या सगळ्या कानशी हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं घेऊन टेबलावर बसल्या होत्या. पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं, त्याची सुट्टी असते. मी एक उचलली.

"सुट्टीवरची कानस लोखंडाला लागत नाही," तेजल म्हणाली. तिने घरच्या दुकानातून स्वतःची कानस आणली होती. तिची पूजा संध्याकाळी होती.

"मग कशाला लागते?"

"बाकीच्याला."

मी पहिला हात मारला. प्लेट तशीच राहिली. खाली पडलेला कीस मात्र पिवळट होता, कारण तो भिंतीचा होता. भिंत बोटभर आत आली.

"सारंगी वाजवतोयस काय?" वायदंडे सर ओरडले. "सपाट मार!"

मी सपाट मारली. अवजारांचं कपाट पुठ्ठ्याएवढं पातळ झालं.

"सर, खोली लहान होतेय."

"जॉबकडे बघ. खोलीला मार्क नाहीत." मग त्यांनी भिंतीवरून अंगठा फिरवला. "कडा बोचतायत. त्या पण घासून टाक."

मी तेजलची कानस मागितली. तिने दिली. माझ्या हातात येताच तिच्यावर हळदीकुंकू उमटलं. तेजलने ती परत घेतली तेव्हा पुसून गेलं.

तिची जीभ तोवर तयार झाली होती. आरसा बघावा अशी. राहिली होती फक्त माझी खाच.

"लवकर कर रे," ती म्हणाली. "घरी आण्णांनी सांगितलंय, पास झालीस तर दुकानातल्या लेथ मशीनवर तू. नाहीतर दाजी."

"दाजींना लेथ येतो?"

"दाजींना पंख्याचं बटण सापडत नाही."

मी जोर लावला. वर्कशॉप सगळीकडून झिजत आलं. आधी मागचं दार गेलं, मग खिडक्या, मग मागच्या बाकावरचं माझं दप्तर. वायदंडे सर आणि तेजल उरलेल्या दारातून सरकत बाहेर चिंचेखाली गेले. मी व्हाइसजवळच राहिलो, कारण जॉब व्हाइसच्या जबड्यात आवळलेला होता आणि जॉब सोडून जायचं नसतं. शेवटी तीन बाजूंना भिंत आणि एक बाजू उघडी, एवढंच राहिलं. खोलीची खाच झाली होती. मापाला अगदी बरोबर. मीही बहुतेक झिजलो होतो, पण शर्ट नीट बसत होता.

"चला, बसवा जोडी," सर म्हणाले.

तेजलने बाहेरून तिची प्लेट आत सरकवली. गुळगुळीत आली ती, तुपातून आल्यासारखी. चिंच गेली, सर गेले, तेजलची वेणी गेली. एक बारीक उभी रेघ तेवढी राहिली, आणि रेघेत तेजलचा एक डोळा.

"उजेड दिसतो का रे?" सरांनी विचारलं. बाहेर सगळा उजेडच होता, त्यामुळे ते आतूनच बघता येण्यासारखं होतं.

"केसभर दिसतोय, सर."

"मग नापास लिहू?"

रेघेतला डोळा मिटला, उघडला.

"राहू दे," तेजल हळूच म्हणाली. "मी जीभ मागे ओढते, तू बाहेर ये. दाजींना पंखा शिकवीन मी. आज शिकतील, उद्या शिकतील."

तिच्या हाताचा काळा तेलकट ठसा रेघेच्या काठावर उमटला होता. ओढायला तिने बोटं लावली होती. मी कानस उचलली. झेंडूची एक पाकळी तिला अजून चिकटलेली होती. खाचेच्या कडेवरून मी एकच हात मारला. सपाट.

"आता?"

"नाही दिसत, सर."

"पास. दोघंही."

बाहेरून कुणीतरी लोखंडावर टकटक केलं. तेजलच असणार, ती बोटाच्या पेराने वाजवते. "अरे, निघ ना," असं काहीसं ऐकू आलं. मग तेही बसलं.

आता मी टोच्याने भिंतीवर अर्ज कोरतो आहे. अंधारात अक्षर नीट येत नसेल. तो बाहेर द्यायला मी फट ठेवलेली नाही, तरी अर्ज असा:

मा. प्राचार्य यांस. विषय: उजेड मिळणेबाबत. महोदय, सहामाही प्रॅक्टिकलमध्ये आमची जोडी नियमानुसार बसली असून त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तरी, निकाल आहे तसा कायम ठेवून, आणि कु. तेजल तांबट हिच्या लेथला कोणतीही बाधा न आणता, सदर जोडीस केसभर उजेड मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.